अडीच बोटांचा बूट

तिचा डावा पाय उजव्यापेक्षा अडीच बोटं आखूड होता. चालताना एक पाऊल जड आणि एक हलकं वाजायचं, म्हणून नर्सिंगच्या वर्गात सगळे तिला टिकटिक म्हणत. तिला त्याचं फारसं वाईट वाटत नसे. वडील बूट शिवणारे. तिच्या लहानपणापासून ते दरवर्षी तिच्यासाठी एक जोड करायचे. डाव्या तळाखाली बुचाचे थर, वरून चामडं, कडेला दुहेरी टाका. तो जोड पायात असला की कंबर सरळ राहायची आणि ती कुणाच्याही बरोबरीनं दिवसभर उभी राहू शकायची.

गेल्या वर्षी वडिलांना झटका आला आणि उजवा हात गेला. म्हणजे हात होता, पण मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. त्यामुळे त्यांनी शिवलेला शेवटचा जोड ती जिवापाड जपत होती. रोज जुना जोड वापरायची. नवा खोक्यात घालून शहरातल्या भाड्याच्या खोलीबाहेर, जिन्याखालच्या कपाटात ठेवला होता, शेवटच्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी.

परीक्षेआधी वडिलांची तब्येत पुन्हा बिघडली. ती आठ दिवस घरी गेली. तिथे जुन्या जोडाचा तळ मधोमध तुटला. ती सपाता घालून, डाव्या सपातेत पुठ्ठ्याची घडी कोंबून परतली. कपाट उघडलं तर आत काहीच नव्हतं.

"काकू, माझं खोकं?"

घरमालकीण भाजी निवडत होती. "कुठलं गं? नळ फुटला, कपाटात पाणी शिरलं. जुन्या सामानवाल्याला बोलावलं आणि सगळं देऊन टाकलं. मागच्या मुलींनी काय कमी पसारा ठेवला होता?"

"त्यात बूट होते माझे. नवे."

"ते एक उंच, एक ठेंगणा? अगबाई! मला वाटलं, कुणा नाटकवालीचे राहिलेत."

परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला होती. चार वाजेपर्यंत वॉर्डात उभं राहायचं, परीक्षक मागे मागे फिरणार. गेल्या खेपेला वॉर्डातल्या ओल्या फरशीसाठी म्हणून सगळ्यांना सारखे रबरी बूट दिले होते. तिसऱ्या तासाला तिच्या कंबरेतून अशी कळ गेली की औषधांचा ट्रे हातातून सुटला आणि ती नापास झाली. या वेळी स्वतःचे बूट घालायची लेखी परवानगी तिनं मिळवली होती. ही दुसरी संधी. तिसरी नव्हती.

ती सपाता फरफटत कॉलेजमागच्या गल्लीत गेली. त्या शहरात दर उन्हाळ्यात हजारो विद्यार्थी जायचे आणि तितकेच नवे यायचे. जाणाऱ्यांचं सामान या गल्लीत येऊन पडायचं, येणारे ते घेऊन जायचे. एकच टेबल चार वर्षांत चार खोल्या हिंडून परत यायचं.

पहिल्या दुकानात गाद्या, कुकर आणि टेबललॅम्पच्या राशीत म्हातारा दुकानदार कसाबसा मावला होता. "जुनं सामान उचलणारा टेम्पोवाला माल आम्हा तिघांत वाटतो," तो म्हणाला. "कपडे, बूट पलीकडे, वहिनींकडे."

वहिनींनी न बघताच कोपऱ्यातल्या ढिगाकडे हात केला. "शोधा. सापडला तर तुमचा."

ती ढिगापुढे बसली. खेळाचे बूट, लग्नातले बूट, टाच गेलेले, जोडीदार हरवलेले. आतून लोकांच्या घामाचा वास येत होता. प्रत्येक काळ्या कातड्याला हात लागला की जीव वर यायचा आणि खाली जायचा. तासाभरानं ढीग संपला. तो तिनं पुन्हा उलटा रचत तपासला.

"अहो बाई, दुकान बंद करायचंय," वहिनी म्हणाल्या. मग तिचा चेहरा बघून जरा मऊ झाल्या. "काही वेगळं दिसणारं असलं की तो कोपऱ्यावरचा मिशीवाला उचलून नेतो. तिथे बघा."

कोपऱ्यावरच्या पाटीवर 'विंटेज' लिहिलं होतं. आत तेच जुने कोट, तीच बंद पडलेली घड्याळं, पण इथे प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक दिवा. मिशीवाला दुकानदार तिशीचाही नसेल, अंगात मात्र आजोबांच्या मापाचा कोट.

"आले होते की!" तो खुशीत म्हणाला. "काचेत लावले होते. काय काम होतं, हातचा टाका! लोक फोटो काढायचे, घेत कुणी नव्हतं."

"दाखवा ना."

"मंगळवारी गेले."

तिनं काउंटर धरला. "कोणी नेले?"

"ते नाही सांगत आम्ही. गिऱ्हाइकाची गोष्ट आहे."

तिनं सपाता काढल्या आणि दोन्ही पाय गुडघ्यात सरळ करून फरशीवर उभी राहिली. डावी टाच जमिनीला टेकत नव्हती. दुकानदारानं खाली बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"मुलींच्या वसतिगृहाचं धुलाईघर," तो हळू म्हणाला. "तिथे इस्त्री करणाऱ्या बाई आहेत. पण ऐका, त्यांनाही..."

ती बाहेर पडली होती.

धुलाईघरात वाफ कोंदली होती. लांब टेबलापाशी पंचेचाळिशीची एक बाई चादरींना इस्त्री करत होती. टिकटिकनं तिच्या पायांकडे बघितलं. दुहेरी टाका तिनं दारातूनच ओळखला.

"मावशी, ते बूट माझे आहेत."

इस्त्रीवालीनं मान वर केली नाही. "होते, म्हण. विकत घेतलेत मी. चोरले नाहीत."

"घरमालकिणीनं मला न विचारता देऊन टाकले. उद्या माझी परीक्षा आहे. पैसे परत करते, वर आणखी देते."

"नकोत मला पैसे." बाईनं इस्त्री बाजूला ठेवली आणि टेबलाखालून एक लाकडी फळकूट काढून दाखवलं. "हे बघ. बावीस वर्षं हे डाव्या पायाखाली घेऊन उभी राहते. सातव्या वर्षी झाडावरून पडले, हाड वाकडं जुळलं. फळीवर उभं राहता येतं, पण ती पायाला बांधून चालता येतं का? मंगळवारी काचेत हे दिसले. पुढे थोडा कापूस भरला, झालं. मंगळवारी मी घरापर्यंत चालत गेले. वाटेत एकदाही थांबले नाही."

टिकटिकला हे सगळं ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच ऐकायचं नव्हतं. "तुमचे पाय धरते, मावशी," असं म्हणत ती खाली बसली आणि तिनं खरोखरच पाय धरला. मग तिचे हात नाडीवर गेले. नाडी सुटली, तिनं टाच ओढली. बाईचा तोल गेला, सावरायला हात टाकला तो तापलेल्या इस्त्रीजवळ. थोडक्यात वाचली.

"वेड लागलंय का तुला?"

टिकटिक जमिनीवर बसून हुंदके देऊ लागली. नर्स व्हायला निघालेली आपण आणि हे काय केलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

मग बाईनं स्टूल ओढलं आणि स्वतःच दुसरी नाडी सोडली. "उद्या कधी सुटशील?"

"चारला."

"पाचपर्यंत आण. माझी पाळी सातपर्यंत असते. नंतर मला घरी जायचं असतं."

"आणते. शपथ."

"शपथ नको. बूट आण."

परीक्षा चांगली गेली. तिनं रुग्णाची कूस बदलून दिली, जखम बांधली, सुई टोचली आणि सगळा वेळ ताठ उभी राहिली. परीक्षक बाई शेवटी म्हणाल्या, "आज पाय दुखले नाहीत वाटतं?" ती हसली आणि चार वाजता बाहेर पडली.

धुलाईघर डावीकडे होतं. ती उजवीकडे वळली.

बसथांब्यावर बसून ती स्वतःला समजावत राहिली. पुढच्या महिन्यात नोकरी लागेल, रोज आठ तास उभं राहायचं, सपातेत पुठ्ठा घालून किती दिवस निघतील? मावशीकडे फळी तरी आहे. पाच वाजले. तिच्या बसच्या आधीची एक बस आली, गेली. सहा वाजता ती बूट घालून घरच्या बसमध्ये चढली. वाटभर कुणी आपल्या पायांकडे बघतंय असं तिला वाटत राहिलं.

वडिलांना तिनं सगळं सांगितलं. ते कधी रागावतात याची ती वाट बघत होती.

"त्या बाईचा पाय किती आखूड आहे?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"कापूस किती भरला होता?"

"नाही बघितलं, बाबा."

"मग काय बघितलंस?" ते पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. थोड्या वेळानं म्हणाले, "हत्यारांची पेटी आण."

डाव्या हातानं त्यांनी सुरी धरली. बुचाचा तुकडा सरकला, सुरी अंगठ्यात गेली. तिनं पट्टी बांधली. त्यांनी पुन्हा धरली. पुन्हा सरकली. तिसऱ्या वेळी त्यांनी सुरी तिच्याकडे सरकवली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "माझ्यानं होत नाही गं आता. तू काप. मी सांगतो."

दोन दिवस ते सांगत होते, ती कापत होती, चिकटवत होती, चुकत होती. ते शिव्या घालायचे, मग पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. जे तयार झालं ते त्यांनी उलटंसुलटं करून बघितलं. "हे बूट नाहीत, विटा आहेत. पण उभी राहशील."

तिसऱ्या दिवशी ती विटा घालून धुलाईघरात गेली. बाईचा डावा घोटा सुजला होता. फळी टेबलाखाली होती. टिकटिकनं बूट टेबलावर ठेवले.

"उशीर झाला, मावशी."

"मला वाटलंच होतं," बाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच टिकटिकला सहन झालं नाही.

"तुमच्या पायाचं माप घेऊ का? बाबा सांगतील तसा तुमच्या मापाचा..."

"तू जा आता."

बाईनं बूट खाली घेतले, पाठ वळवून घातले आणि पुढची चादर ओढली. टिकटिक दारात थोडी थांबली, मग निघाली. विटांनी टाच सोलवटली होती, खोलीवर पोचेपर्यंत ती चार वेळा भिंतीला टेकली.

ती पास झाली. नोकरीही लागली. तिनं केलेला पहिला जोड नऊ दिवसांत उकलला, दुसरा महिनाभर टिकला. तिसऱ्याला वडिलांनी नावं ठेवली नाहीत. धुलाईघरात ती पुन्हा दोनदा गेली, माप घ्यायची पट्टी पिशवीत घालून. दोन्ही वेळा बाईनं तिच्याकडे बघितलं आणि इस्त्री चालू ठेवली.