फेरामुझचे हातमोजे

फेरामुझ गेल्याचं मशिदीच्या भोंग्यावरून सांगितलं तेव्हा मी चहाच्या दुकानात पत्ते पिसत होतो. दुकानातल्या एकानेही मान वर केली नाही. एरवी कुणाचंही नाव भोंग्यावर आलं की आमचे लोक पत्ते पालथे ठेवतात, 'अल्ला रहम करो' म्हणतात, मग पुढचा चहा मागवतात. त्या दिवशी नुसताच चहा मागवला.

"सदतीस वर्षं उशीर केला," हाश्मेत आबी म्हणाला. "चल मुहलिस, वाट पत्ते. हात दुखतात का तुझे?"

हाश्मेत आबी आमच्या फुटबॉल संघाचा जुना कप्तान. पंचाहत्तरी उलटली, दोन्ही गुडघे कामातून गेले, पण आवाज अजून मैदानावरचाच. गावात सगळे त्याला आबी म्हणतात, म्हणजे थोरला भाऊ. त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला न्हावीसुद्धा आबीच म्हणतो.

"उद्या झेंडा मागायला कुणी आलं तर," त्याने माझ्याकडे बोट केलं, "सामानाच्या पेटीची किल्ली हरवली म्हणून सांग. तो झेंडा त्याच्या शवपेटीवर पडला तर मी नमाजाची रांग सोडून निघून जाईन. मग लोकांनी माझ्या नावाने खडे फोडले तरी चालेल."

मी पत्ते वाटले. कुणाला किती वाटले ते मला आजही सांगता येणार नाही.

सामानाची पेटी माझ्याकडे असते, कारण मी आमच्या अकबुरुन गावच्या संघाचं सामान सांभाळणारा. जर्सी धुणं, बुटांचा चिखल खरवडणं, चेंडूत हवा भरणं, ही माझी नोकरी. संघ राहिला नाही, नोकरी राहिली नाही, पेटी तेवढी राहिली. तिच्यात सात जर्सी, एक शिट्टी आणि झेंडा. संघाची जर्सी ज्याने एकदा जरी अंगात घातली, त्याच्या शवपेटीवर हा झेंडा घालायचा आणि पेटी खांद्यावर घेऊन मैदानाला एक फेरी मारायची, ही आमच्याकडची रीत. मैदानाच्या जागी आता चार इमारती आहेत. आम्ही त्यांच्या गाड्यांच्या मधून फेरी मारतो. वरच्या बायका गालिचे झटकायच्या थांबतात, एवढा मान अजून मिळतो.

झेंडा हिरवा आणि तपकिरी. एकोणीसशे एकतीस साली तंबाखूच्या वखारीतल्या कामगारांनी संघ काढला तेव्हा रंग काय घ्यावा यावर म्हणे मारामारी झाली. शेवटी मुकादमाने एका हातात कच्चं पान घेतलं, एका हातात वाळलेलं, आणि म्हणाला, हेच आपलं आयुष्य, दुसरे रंग आणणार कुठून? पहिल्या जर्सी अक्रोडाच्या सालींत रंगवल्या होत्या. घाम आला की रंग अंगाला लागायचा. नदीपलीकडच्या गावाचे लोक आम्हाला 'शेण-गवत' म्हणायचे. म्हणोत. याच शेण-गवताने चौऱ्याहत्तरमध्ये इस्तंबूलच्या एका बड्या संघाला चषकातून घरी पाठवलं होतं. त्या दिवशी वखारीचा भोंगा तासभर वाजत होता. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो, आणि जन्मभर याच संघाचे बूट पुसायचे असं तिथेच ठरवून टाकलं. ठरवलेलं खरं झालं, ही तक्रार नाही.

फेरामुझ आला एकोणऐंशीत. नदीपलीकडचाच, पण आमच्या गावची मुलगी केली, आमच्यात राहायला आला आणि आठ वर्षं आमचा गोल राखला. लांबलचक हात, बोलणं कमी. सामना जिंकला की माझ्या हातातली बादली काढून घ्यायचा आणि स्वतःची जर्सी स्वतः पिळायचा. "तुला आणखी दहा आहेत, मुहलिस," म्हणायचा. दुसऱ्या कुणी असं कधी केलं नाही.

सत्याऐंशीचा शेवटचा सामना. समोर नदीपलीकडचाच संघ. बरोबरी झाली असती तरी आम्ही दुसऱ्या श्रेणीत टिकत होतो; हरलो तर खाली. पंच्याऐंशी मिनिटं शून्य-शून्य. मग एक चेंडू आला, त्याला फटका म्हणायचं तर फटक्याचा अपमान. थेट फेरामुझच्या छातीवर. त्याने तो धरला, गावाने श्वास सोडला, आणि चेंडू त्याच्या हातांतून साबणासारखा निसटून त्याच्या मागे गेला.

आम्ही खाली गेलो, ते पुन्हा वर आलोच नाही. दरवर्षी एक पायरी. शेवटी संघाचं नाव बदललं, मग तो कुठल्याशा दुसऱ्या गावाच्या संघात विलीन झाला, मग मैदान गेलं. आणि प्रत्येक पायरीला गाव म्हणायचं, फेरामुझमुळे. त्याने सामना आपल्या माहेराला, नदीपलीकडच्यांना, आंदण दिला, असं म्हणायचे. त्याचा सलाम कुणी घेईना. पाववाला त्याला पाव द्यायचा, पण तोंड फिरवून. त्याची बायको गेली तेव्हा घरी दुखवट्याचा हलवा घेऊन एकही शेजारीण गेली नाही. तो मात्र गाव सोडून गेला नाही. बंदरावर बसून कोळ्यांची जाळी विणत राहिला.

तो गेला त्याच दिवशी दुपारी माझं दार वाजलं. फेरामुझची मुलगी, नाझिरे. अंकाराला शाळेत शिकवते. डोळे लाल, पण आवाज स्थिर.

"ये पोरी. तुझ्या डोक्यावरचं छत्र गेलं, अल्ला तुला बळ देवो," मी म्हणालो. "झेंड्यासाठी आली असशील, तर..."

"नाही, मुहलिसकाका. बाबांनी बजावलं होतं, झेंडा मागायचा नाही. मी हे द्यायला आले." तिने वर्तमानपत्रात बांधलेली पुडी पुढे केली. "म्हणाले, हे मुहलिसचं आहे, त्याच्या हातात दे. आत काय आहे ते मी पाहिलं नाही."

"बस, चहा टाकतो."

"नको. घरी कुणी नाहीये." ती दारात थांबली. "म्हणजे, कुणी येणार आहे असंही नाही. पण दार उघडं ठेवायला हवं ना?"

ती गेल्यावर मी पुडी उघडली. आत हातमोजे होते. सदतीस वर्षांत तळव्याचं रबर सुकून त्याचा भुगा झाला होता. मी ते नाकाशी नेले. गुलाबाचा वास उरला नव्हता.

आता सांगतो. त्या सामन्याच्या आधी माझ्या आईने एक्केचाळीस वेळा कुराणातला यासीनचा अध्याय म्हणून गुलाबाच्या तेलाच्या कुपीवर फुंकर घातली. "गोलकीपरच्या हाताला लाव," म्हणाली, "सैतानसुद्धा चेंडू सोडवू शकणार नाही." आमच्याकडे पेरणीच्या बियांवर, परीक्षेच्या पेन्सिलीवर, नव्या गाडीच्या चाकावर असं फुंकून घेतात, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी फेरामुझच्या राखीव जोडीच्या तळव्यांना ते तेल चांगलं चोळून जिरवलं. त्याला सांगितलं नाही, कारण असल्या गोष्टींना तो हसायचा. शेवटच्या वीस मिनिटांत पाऊस आला, त्याचे हातातले मोजे चिंब झाले, आणि मीच धावत जाऊन त्याला ती जोडी दिली. मीच. माझ्या हाताने. किती खूश होतो मी!

सामन्यानंतर बाहेर लोक खिडक्या फोडत होते. फेरामुझ बाकावर बसला होता. त्याने मोजे काढले, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गुलाब?"

"आईने... यासीन म्हणून..."

बाहेर दगड पडत होते. त्याने मोजे आपल्या पिशवीत टाकले.

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "म्हातारी जीव देईल."

आईला मी सांगितलं नाही. ती पुढची सात वर्षं फेरामुझला शिव्याशाप देत जगली. तो रस्त्यात दिसला की थुंकायची. मी शेजारी उभा असायचो, तिची पिशवी धरून. चौऱ्याण्णवमध्ये ती गेली, आणि त्यानंतर माझ्यापाशी सबब उरली नाही. तरी मी तीस वर्षं गप्प बसलो. भित्रा माणूस आहे मी, दुसरं काय म्हणू? आज बोलू, ईदला बोलू, असं करत करत माणसाचा भोंगा वाजतो.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात दगडी ओट्यावर शवपेटी ठेवली होती. लोक तसे बरेच होते. शुक्रवार होता म्हणून. मागे भिंतीशी नाझिरे एकटी उभी होती. मी झेंडा काखेत घेऊन आलो तशी हाश्मेत आबीने वाट अडवली.

"किल्ली सापडली वाटतं?"

"सापडली, आबी."

"मुहलिस, मी काय सांगितलं होतं?"

तेवढ्यात इमाम पुढे आले. रांगा लागल्या, जनाज्याचा नमाज झाला. मग त्यांनी विचारलं, "या माणसाला तुम्ही कसं ओळखत होतात?"

यावर सगळ्यांनी 'चांगला होता' म्हणायचं असतं. गावातल्या खाटकाला, सासूला छळणाऱ्या सुनेला, सगळ्यांना आम्ही तसं म्हटलंय. त्या दिवशी अंगणात कबुतरांचा आवाज ऐकू येत होता. इमाम नवीन, बाहेरगावचे. ते गोंधळले.

"तुमचा याच्यावर काही हक्क राहिला असेल, तो सोडता का?"

म्हणजे, याने तुमचं जे काही बिघडवलं ते माफ करता का. कुणीही 'सोडला' म्हटलं नाही. मी मागे वळून नाझिरेकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले होते.

"चेंडू त्याने सोडला नाही," मी म्हणालो. माझा आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणालो. मग सगळं सांगितलं. तेल, यासीन, पाऊस, राखीव जोडी. कोटाच्या खिशातून मोजे काढून दाखवले. रबराचा भुगा माझ्या बुटांवर सांडला. "त्याला माहीत होतं," मी म्हणालो. "माझ्या म्हाताऱ्या आईसाठी तो गप्प बसला. आणि मी माझ्यासाठी."

हाश्मेत आबी माझ्यासमोर आला. मला वाटलं, मारणार. त्याने माझ्या काखेतला झेंडा ओढून घेतला.

"तू हात लावायचा नाहीस," तो म्हणाला. त्याने स्वतः झेंडा पेटीवर पसरला, सुरकुत्या तळहाताने सारख्या केल्या आणि इमामांना म्हणाला, "पुन्हा विचारा, हुजूर. पहिल्यापासून."

इमामांनी पुन्हा विचारलं.

"चांगला होता!"

"हक्क सोडता का?"

"सोडला!" तीनदा विचारलं, तीनदा अख्खं अंगण ओरडलं. चौऱ्याहत्तरनंतर आमचं गाव एका आवाजात ओरडलेलं मी ऐकलं नव्हतं. हाश्मेत आबी ओट्याला धरून रडत होता. पेटीला खांदा द्यायला इतकी गर्दी झाली की गाड्यांमधून फेरी मारायला पाऊण तास लागला. मी सर्वांत मागून चाललो. माझ्याशी कुणी बोललं नाही, आणि ते बरोबरच होतं.

माती पडल्यावर लोक पांगले. मी नाझिरेजवळ गेलो. जिवंत माणसं मेलेल्यावरचा हक्क सोडतात; मेलेल्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू सोडतोस का? म्हणून मी तिच्यापुढे हात जोडले.

"पोरी, तुम्हा सगळ्यांचा हक्क आहे माझ्यावर. सोडशील?"

तिने माझे जोडलेले हात खाली केले.

"माझा सोडला, काका," ती म्हणाली. "आईचा आणि बाबांचा माझ्या हातात नाही." मग ओढणीने नाक पुसून म्हणाली, "आमच्याकडे दर ईदला सकाळी बाबा चहाचे दोन पेले भरायचे. आई विचारायची, दुसरा कुणाचा? म्हणायचे, एक जण यायचाय. दुपारपर्यंत वाट बघून तो गार चहा स्वतःच प्यायचे. कुणाची वाट बघतात ते आम्हाला कधी कळलं नाही."

माझ्या घरापासून फेरामुझच्या दारापर्यंत चालत चार मिनिटं लागतात. गुडघे दुखत असले तर पाच.