पाच शब्दांचा मथळा

“हा मथळा कुणी दिला, हे मी विचारणार नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण बैठकीच्या टेबलावर ठेवलं. “मला फक्त एक पत्र वाचून दाखवायचंय.”

मथळेकाकांनी लांबूनच कात्रण ओळखलं. ‘गुणांच्या जाचातून अखेर ती सुटली’. पाच शब्द, एका ओळीत, पानभर. चार महिन्यांपूर्वी परीक्षेच्या निकालानंतर जीव दिलेल्या एका मुलीची बातमी होती ती. त्या दिवशी साहेबांनी, म्हणजे संपादकांनी, सगळ्यांसमक्ष काकांची पाठ थोपटली होती.

सव्वीस वर्षं काका याच वर्तमानपत्रात बातम्यांना मथळे देत होते. खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं. बातमी कितीही रटाळ असो, काका दोन मिनिटं छताकडे बघायचे, हनुवटी खाजवायचे आणि असा मथळा काढायचे की वाचणाऱ्याचा घास हातातच राहावा. तरुण मुलांच्या मनाच्या आजारांबद्दल कसं लिहावं, हे इस्पितळातल्या सिस्टरने येऊन सांगावं, ही कल्पनाच त्यांना पचली नव्हती. “आता नर्सबाई आपली शुद्धलेखनाची वही तपासणार!” असं ते मघाशी भाऊंच्या कानात म्हणालेही होते. भाऊ हसले नव्हते.

भाऊ पानं लावायचे. कुठली बातमी कुठे जाईल, मथळ्याचं अक्षर केवढं असेल, ते त्यांच्या हातात. अठरा वर्षं दोघांच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या.

सिस्टर वाचू लागल्या. “मी सतरा वर्षांची आहे. माझे गुण कमी झाले नव्हते. मला नुसतं काहीच आवडेनासं झालं होतं. मैत्रिणी नकोत, जेवण नको, केस विंचरणं नको, सकाळी उठणंसुद्धा नको. घरी सांगायचं तर काय सांगायचं, तेच कळत नव्हतं. एक दिवस पेपरात वाचलं की माझ्याएवढी एक मुलगी सुटली. म्हणजे यातून सुटता येतं तर, असं मला वाटलं. मी ती बातमी कापून उशीखाली ठेवली. हा आजार असतो आणि तो बरा होतो, असं त्यात कुठेच लिहिलं नव्हतं. ते मला वॉर्डात आल्यावर कळलं.”

सिस्टरांनी पत्राची घडी घातली. “वेळेत आणली म्हणून ही मुलगी वाचली. पत्र तुम्हाला वाचून दाखवा, असं तिनेच सांगितलंय. मी कुणावर खापर फोडायला आलेले नाही. नुसत्या बातमीने कुणी स्वतःच्या जिवावर उठत नाही. पण आधीच खचलेलं मूल तुमचा एकेक शब्द स्वतःसाठीच लिहिलाय असं समजून वाचतं, एवढं लक्षात ठेवा.”

काकांचा चेहरा तापला. “अहो सिस्टर, लोकांना चटका बसावा, डोळे उघडावेत, म्हणूनच लिहितो आम्ही. आता कुणाची कोण मुलगी काय कापून उशीखाली ठेवते, त्याला आम्ही काय करणार?”

“माझी,” भाऊ म्हणाले.

कुणाला ऐकूच आलं नाही. भाऊ उभे राहिले.

“माझी मुलगी आहे ती, काका.”

काकांच्या कानात एकदम दडे बसले. समोर कुणाचे तरी ओठ हलत होते, साहेब खुर्चीतून अर्धवट उठले होते. काकांना मात्र चार महिन्यांपूर्वीचे भाऊ दिसत होते, बारा दिवसांची रजा संपवून आलेले, दाढी वाढलेली. “काय रे, घरात कोण आजारी?” आपणच विचारलं होतं. “मुलगी.” “डेंग्यू वाटतं?” “तसंच काहीतरी.” आणि आपण हसून म्हणालो होतो, “बघ हं, डास इकडे आणू नकोस.”

ही पोर लहान असताना भाऊंच्या मांडीवर बसून कळफलकाशी खेळायची. काका, काका करत मथळेकाकांकडून लिमलेटच्या गोळ्या घ्यायची.

बैठक संपली तेव्हा काकांनी भाऊंना जिन्यात गाठलं.

“मला एका शब्दाने बोलला नाहीस?”

“काय बोलणार? मथळा तुम्ही दिलात. तुम्ही मध्यम अक्षर सांगितलं होतंत, आणखी मोठं मी केलं. पान भरून दिसावं म्हणून.” भाऊ पायरीकडे बघत होते. “शेजारी बसून तुम्हाला बोल लावू की स्वतःला, हेच ठरेना. मग साहेबांच्या मागे लागलो, या बाईंना एकदा बोलवा म्हणून.”

“मी येऊ तिला भेटायला?”

“नको. अजून नको.”

संध्याकाळी पाचला बातमीदार पोरीचा फोन आला. वसतिगृहातल्या एका विद्यार्थ्याने जीव दिला होता. “काका, चिठ्ठी मिळालीय! फोटोपण आहे. चिठ्ठी वाचून दाखवू?”

“नको,” काका म्हणाले. “त्याच्या घरच्यांना कळलंय का, ते आधी विचार. कसं केलं, कुठे केलं, ते लिहू नकोस. चिठ्ठी आणि फोटो तुझ्यापाशीच राहू दे.”

साहेब पहिल्या पानासाठी अडून बसले. बाकीचे सगळे छापणार, आपण मागे राहू, म्हणाले. “मग राहू,” काका म्हणाले. सव्वीस वर्षांत साहेबांना त्यांनी असं उत्तर दिलं नव्हतं. साहेब दारापर्यंत गेले, परत आले, भाऊंकडे बघितलं आणि पहिल्या पानाचा हट्ट सोडून निघून गेले.

काकांनी छताकडे बघितलं नाही. त्यांनी लिहिलं, ‘वसतिगृहातील विद्यार्थ्याचा मृत्यू’. खाली चौकट केली. मन असं खचणं हा आजार आहे, तो उपचारांनी बरा होतो, कुणाशी तरी बोला. सिस्टरांकडून घेतलेला मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्यांनी दोनदा पडताळून खाली टाकला. भाऊंनी बातमी पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात लावली. चौकटीचं अक्षर तेवढं एका मापाने वाढवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, डबा टेबलाखाली ठेवला, संगणक सुरू केला.

“वाचली तिने,” ते पडद्याकडे बघतच म्हणाले.

“काय म्हणाली?”

“काही नाही. पेपर बाजूला ठेवला आणि आरशासमोर केस विंचरत बसली. बराच वेळ.”

काकांनी मान हलवली. पुढ्यात पाणीपुरवठ्याची बातमी पडली होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला, आणि तो तसाच हातात धरून बसून राहिले.