डाव्या हाताचा घुमारा

"या गाडीला आठ महिने राहिलेत, आणि तू तिची दारं सोलत बसलायस," राणी म्हणाली.

प्रीतमने दाराचा पुढचा स्क्रू काढला. बुकित पंजांगच्या बहुमजली कारपार्कमध्ये सकाळपासून त्याचं काम चालू होतं. इथे गाडीचा दहा वर्षांचा परवाना संपला की ती भंगारात जाणार, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? पण त्याची आई, प्रेमलाबाई, आज संध्याकाळच्या विमानाने मायदेशी निघणार होती, आणि तिला इकडचा प्रवास पुन्हा झेपेल असं नवरा-बायकोपैकी कुणालाच वाटत नव्हतं.

झालं होतं असं. प्रेमलाबाई आल्या त्या दिवशी विमानतळावरून घरी येताना प्रीतमने मोठ्या हौसेने मोबाइलवर उतरवून घेतलेली एक जुनी कॅसेट लावली होती. हिंगणघाटच्या गायन पार्टीची भीमजयंतीची गाणी. कव्हरवर गायकाचा फोटो आणि नाव. ढोलकी वाजवणारे दादाराव, म्हणजे प्रीतमचे वडील, 'आणि पार्टी' एवढ्यातच उरकलेले. ते जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांचं वाजवणं राहिलं होतं ते या एका कॅसेटवर.

प्रेमलाबाईंनी दोन गाणी नीट ऐकली आणि म्हणाल्या, "गाणारा ऐकू येते. तुहा बाप कुठं हाय यात?"

ते प्रीतमला फार लागलं. खरं तर दोष आईच्या कानांचा नव्हता. बारीक आवाज तिला येत नसत, जाड येत. पण कंपनीने दारात बसवलेले कागदी स्पीकर ढोलकीची नुसती टिकटिक ऐकवत. डाव्या हाताचा घुमारा, तो जाड घुमणारा आवाज, त्यांना पेलतच नव्हता.

अठरा वर्षं लिफ्टच्या दुरुस्तीत घालवलेल्या माणसाला दोन दारं म्हणजे काय मोठंसं. त्याने दारांची आतली कव्हरं उतरवली, पत्रा थरथरू नये म्हणून त्याला काळं चिकट शीट दाबून बसवलं, मोठी भोकं बुजवली. बुजवली नाहीत तर स्पीकरच्या मागचा आवाज पुढे येऊन पुढच्याला खातो, हे त्याने राणीला तिसऱ्यांदा सांगितलं. मग जाड आवाज पेलणारे साडेसहा इंची मिडबेस स्पीकर बसवले, वायरी जोडल्या आणि गाणं लावलं.

घुमारा नाहीच.

"झालं समाधान?" राणीने विचारलं. "आता आंघोळ करून घे, आईंना चारला निघायचंय."

प्रीतमने एकेक दार वेगळं वाजवून पाहिलं. एकटं दार दणदणीत, दोन्ही मिळून पोकळ. त्याला हसूच आलं.

"एका दाराची वायर उलटी लागलीय. एक आत जातो तेव्हा दुसरा बाहेर येतो. दोघं एकमेकांचं बोलणंच चालू देत नाहीत."

"ओळखीचं वाटतंय," राणी म्हणाली आणि पुढे होऊन तिने कव्हर धरलं.

चारला प्रेमलाबाई पुढे, प्रीतमच्या डाव्या हाताला बसल्या. गाडी हायवेला लागली तसं त्याने गाणं लावलं. पहिल्या कडव्यानंतर ढोलकी आली. अंगावर आली म्हणा ना. प्रेमलाबाईंनी दारावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. त्यांच्या पायाचा अंगठा हलायला लागला.

"घाई करते," कडवं संपलं तशा त्या म्हणाल्या. "कडव्याच्या शेवटी घाईच करते. मी हजारदा सांगतलं त्याले."

प्रीतमला एकदम भरून आलं. बाबांची चूक ऐकू येण्याइतका आवाज स्वच्छ झाला होता. याहून मोठं शिफारसपत्र त्याला नको होतं.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या.

चांगी विमानतळापर्यंत तेच गाणं चार वेळा झालं. पाचव्यांदा चालू असताना गाडी टर्मिनलच्या दाराशी थांबली. राणी मागून उतरली, डिकीतून बॅग काढून तिने पुढचं दार उघडायला हात घातला.

प्रेमलाबाईंनी तळवा दारावरून काढला नाही. काचेतून त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने थांबायची खूण केली.

"त्याचं वाजवणं होऊ दे," त्या म्हणाल्या. "मंग उतरतो."