वळ न उठवणारी टाच

ओरियाना बार्रियाचे मोजे आमच्या बेटावर चांगले खपत. आचाओच्या बाजारात बायका तिच्या फळीवरून आधी मोजे उचलत, मग बाकीचं बघत. त्यामुळे पोटच्या पोरीसाठीच आपल्याला धड मोजा विणता येऊ नये, हे तिला फार लागलं.

मुलगी मायते. जन्मली तेव्हा तिचं डावं पाऊल आत वळलेलं होतं. कास्त्रोच्या इस्पितळात प्लास्टर घालून घालून ते सरळ आणलं, पण पुन्हा वळू नये म्हणून झोपताना तिला आडव्या पट्टीला जोडलेले बूट घालावे लागत. दुकानातले मोजे गुळगुळीत; पाय बुटातून निसटे. ओरियानाचे लोकरीचे मोजे पाय धरून ठेवत, पण ती टाच विणायची ती सगळ्यांसारखी: आधी मागची पट्टी, मग पट्टीच्या दोन्ही बाजूंचे टाके उचलून पुढे. त्या उचललेल्या टाक्यांची कड बुटात रुते. पोरीच्या टाचेजवळ आधी वळ उठला, मग जखम झाली.

अशी कड नसलेली टाच ओरियानाने पाहिली होती. नवरा हेरार्दो घर सोडून पोर्तो मोन्तला दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, तेव्हा त्याचे जुने मोजे पेटीत राहून गेले होते. त्याच्या आईने विणलेले. ओरियानाने ते उलटेसुलटे करून पाहिले, एक उसवूनही पाहिला. धागा हातात आला, रीत काही कळली नाही.

सासू, उबेरलिंदा, समोरच्या बेटावर एकटी राहायची. दोघींचं बोलणं बंद होतं. हेरार्दो गेल्यावर म्हातारी चर्चबाहेर सगळ्यांच्या देखत म्हणाली होती, "आमच्या घराण्यात असले पाय नाहीत. जे आलंय ते हिच्या माहेराकडून, बार्रियांकडून आलंय."

तरी ओरियाना होडीत बसून गेली. म्हातारीने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि आत वळली. दार मात्र उघडं ठेवलं.

"बटाटे मागायला आली असशील, तर यंदा माझेच सडलेत."

"टाच शिकायला आलेय. मायतेसाठी."

"पोरगी कुठाय?"

"बहिणीकडे ठेवलीय."

"मग माप काय बहिणीच्या पायाचं घेऊ? घेऊन ये तिला. पाय पाहिल्याशिवाय मी सुईला हात लावत नाही."

पुढच्या शनिवारी ती मायतेला घेऊन गेली. म्हातारीने पोरीला शेगडीजवळच्या बाकावर बसवलं, हातात मिल्काव, म्हणजे बटाट्याची गरम जाड पोळी, दिली, मोजा काढला आणि पाऊल तळहातावर घेऊन बराच वेळ चाचपत राहिली. मग ओरियानाकडे वळली.

"अर्धे टाके बाजूला राहू दे, ते पावलाच्या वरचे. उरलेल्यांवर चल. शेवटचा टाका विणू नकोस."

"नको विणू?"

"बहिरी आहेस का? त्याला धागा गुंडाळ आणि माघारी फिर. आता त्या टोकाचाही एक सोड. दर खेपेला ओळ अपुरी ठेवायची."

ओळी तोकड्या होत गेल्या, मधे थोडेच टाके उरले. मग सोडलेला एकेक टाका पुन्हा घेत ओळी लांबवायच्या होत्या. तिथे ओरियानाच्या विणीला दोन्ही कोपऱ्यांत भोकं पडली. म्हातारीने भोकातून बोट घातलं.

"वा! वाऱ्याला यायला-जायला खिडक्या ठेवल्यास." तिने सुया ओढल्या आणि टाच उसवून टाकली. "गुंडाळलेला धागाही टाक्याबरोबर उचलायचा असतो, बाई. बाजारात तुझं एवढं नाव, आणि एवढं कळू नये?"

ओरियानाने ओठ आवळून पुन्हा सुरुवात केली. या खेपेला टाच वाटीसारखी गोल होत आली, कुठे कड नाही, कुठे भोक नाही. हात सैल पडल्यावर तिने विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"आईने."

"खलाशांसाठी विणायच्या का त्या?"

म्हातारी नातीशेजारी बसली, स्वतःचा रबरी बूट काढला, मग मोजा. ती लहानपणी होडीतून पडली म्हणून लंगडते, असंच आम्ही सगळे समजत होतो. ओरियानाही. पण पाऊल आत वळलेलं होतं, आणि बाहेरच्या कडेवर, जिथे ते आयुष्यभर टेकलं होतं, तिथे जाड घट्टा पडला होता.

"माझ्यासाठी विणायची," म्हातारी म्हणाली.

मायतेने वाकून पाहिलं. "माझ्यासारखा आहे," असं म्हणून ती पुन्हा खाऊ लागली.

ओरियानाने विणकाम खाली ठेवलं. "आणि चर्चबाहेर तुम्ही बार्रियांचं नाव घेतलंत."

"घेतलं."

"का?"

"मुलगा गेला होता. गाव माझ्याकडे बघत होतं. नवऱ्यालाही मी हा पाय कधी उजेडात दाखवला नव्हता, तिथे गावाला दाखवणार होते?"

ओरियानाने उठून कोट घेतला. पण टाच सुयांवर अर्धवट होती, आणि होडी संध्याकाळशिवाय नव्हती. ती परत बसली. उरलेल्या ओळी तिने पुऱ्या केल्या. निघताना तिने पोरीला आजीचा निरोप घ्यायला लावला, स्वतः घेतला नाही.

त्या मोज्यांनी वळ उठला नाही. जखम भरली, मायते बुटांसकट शांत झोपू लागली.

हिवाळा लागता लागता होडीवाल्या रोसामेलने निरोप आणला: म्हातारीला आता गडद लोकरीचे टाके दिसत नाहीत आणि तिचे मोजे विरलेत. ओरियानाने माप मागवलं. गाठी मारलेली सुतळी आली. वाकडं पाऊल मोज्यात कसं बसवायचं, यावर ती बरेच दिवस अडली. शेवटी टाचेच्या बाहेरच्या बाजूला जास्तीच्या अपुऱ्या ओळी घालून तिने ते जमवलं. मोजे होडीवाल्याबरोबर पाठवले.

परतीच्या होडीतून खायच्या, धुरावर सुकवलेल्या शिंपल्यांची माळ आली, आणि निरोप: "वाकड्या पायाची टाच घट्ट आहे."

ओरियाना रोसामेलला जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही. पण मोजा तिने परत मागवला, टाच उसवली आणि सैल हाताने पुन्हा विणली. तो पोचवायला मात्र ती मायतेला घेऊन स्वतः गेली.