बांधलेला भाव

सविता मॅडमनी गळ्यातला हार काढला, आरशाकडे पुन्हा न बघता मखमली ट्रेमध्ये ठेवला आणि ट्रे रुचीकडे सरकवला.

"सुंदर झालाय. पण नको."

"सैल वाटतोय का? करून देते की."

"तसं नाही गं. भाव केवढा उतरलाय. फी भरली म्हणजे घ्यायची सक्ती नाही, असं तूच म्हणाली होतीस ना?"

म्हणाली होती खरी. दिवाळीत मॅडम मुलीच्या, प्रज्ञाच्या लग्नाचा हार सांगायला नशिराबादहून आल्या होत्या, तेव्हाच.

मुंबईच्या बँकेत ऑप्शनच्या किमती काढायची नोकरी सोडून रुची जळगावला वडिलांच्या सराफी दुकानात आली, तेव्हा तिला पहिल्यांदा हेच खटकलं होतं. लग्नाचं सोनं सांगायला आलेल्या माणसाला पारसमल नुसत्या शब्दावर त्या दिवशीचा भाव बांधून द्यायचे. भाव चढला तर खड्डा आपल्याला, उतरला तर गिऱ्हाईक मोकळं. "पप्पा, ही तर फुकट वाटलेली ऑप्शन आहे, घ्यायचा हक्क आहे पण सक्ती नाही," ती म्हणाली होती. मग भावाची चढउतार, व्याज, मुदत, सगळं मांडून तिनं त्या शब्दाची किंमत काढली आणि तेवढी फी लावली. सोनं लगेच घेऊन ठेवायचं, आणि फीच्या पैशांतून वायदेबाजारात पुट ऑप्शन घ्यायची; भाव पडला तर ती भरपाई देते. गणित चोख होतं. आजही दुकानाचा एक रुपया बुडत नव्हता.

"मग आजच्या भावानं घ्या ना हाच हार," ती म्हणाली.

"बघते. धुळ्याला भावजय एक दुकान सांगते, घडणावळ कमी आहे म्हणे. आता मोकळीच आहे, तर चार ठिकाणी विचारून बघते."

"तुमच्या राजदीपदादाच्या लग्नात कुठून घेतलं होतं?"

"इथूनच की. तेव्हाही भाव असाच उतरला होता. बांगड्या मात्र बांधल्या भावानंच नेल्या. ह्यांनी मला वेड्यात काढलं. पण नानांचा, तुझ्या पप्पांचा, शब्द घेतलेला. तो मोडून परत कुठल्या तोंडानं आले असते?"

गादीवर बसलेले पारसमल चष्मा पुसत होते. पुसलेलाच पुन्हा.

"पप्पा, असं आणखी कोणी नेलं?"

"सगळेच न्यायचे. चढत्या भावात गेलेलं त्यातच भरून निघायचं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलं नाहीस, बेटा. आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे, असं मलाही वाटलं नाही."

रुचीनं हिशेबात सगळं धरलं होतं, हे तेवढं धरलं नव्हतं. गिऱ्हाईक कधी मोकळं नव्हतंच. फी घेऊन तिनंच त्याला मोकळं केलं होतं.

"मॅडम, तुमची फी मी परत करते," ती घाईघाईनं म्हणाली. "आणि पुढच्या वेळी पूर्वीसारखंच. नुसता शब्द."

मॅडम हसल्या. त्यांनी तिच्या हातावर मायेनं थोपटलं.

"नको गं बाई. हेच बरं आहे. जिवाला घोर नाही."

त्या उठल्या. दाराशी चपला घालू लागल्या, तशी पारसमलांनी गादीवरून नेहमीची हाक दिली. मॅडमशी ते कायम अहिराणीतच बोलायचे, आणि मॅडमही त्यांना ‘नाना’ म्हणत तसंच उत्तर द्यायच्या.

"बठ्ठं ठीक शे ना, ताई?"

"हो, सगळं ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "येते, शेठजी."

पारसमलांनी रुचीकडे पाहिलं नाही. चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला.