जळक्या साखरेचा गुण

मी खोटं औषध बनवते. नव्या ओळखीच्या माणसाला हे सांगितलं की तो हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवतो, म्हणून आधीच नीट सांगून टाकते. मुलांच्या मोठ्या इस्पितळात तळघरात संशोधन विभागाचं औषधघर आहे, तिथली मी. नव्या औषधाची परीक्षा घ्यायची तर निम्म्या मुलांना खरं औषध द्यायचं आणि निम्म्यांना खोटं, आणि कुणाला काय मिळालं हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही कळू द्यायचं नाही. म्हणजे खोटं औषध खऱ्यासारखं दिसलं पाहिजे, त्याला वासही तोच यायला हवा आणि चवीला ते तितकंच घाण लागलं पाहिजे. खरं औषध काय, कुणीही उकळेल. खोट्याला अक्कल लागते.

सध्या आमच्याकडे चिनी काढ्याची परीक्षा चालू आहे. दम्याच्या मुलांसाठी नऊ मुळ्या आणि साली, आठ आठवडे, सकाळ-संध्याकाळ. काढ्याबरोबर एक चिनी वैद्यही आलेत. सत्तरीचे, काठीसारखे ताठ, आपली भाषा कुठेतरी तरुणपणी शिकलेले आणि ती पैशासारखी जपून वापरणारे. माझा पहिला खोटा काढा त्यांनी चाखला आणि म्हणाले, "सरबत." बास. मी चार महिने खपले. जळकी साखर, खाण्यात चालणारा एक कडू अर्क, ओल्या लाकडाचा वास येणारा आणखी एक अर्क, कमी कर, जास्त कर. एकविसाव्या खेपेला त्यांनी दोन्ही पेले चाखले, डोळे मिटून बसले आणि यातला आपला कोणता ते सांगता येत नाही म्हणाले. खरं सांगते, बढती मिळाली तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता.

काढ्यातल्या एका मुळीनं हृदयाचे ठोके वाढतात. म्हणून नियम असा, की परीक्षेत घेण्याआधी प्रत्येक मुलाच्या हृदयाची सोनोग्राफी करायची. काही दोष निघाला, की ते मूल बाद. नियम चांगलाच होता. नियमाला काय माहीत माझी धाकटी बहीण कसली आहे ते.

धाकटीला सात वर्षांच्या जुळ्या मुली. एकीला दमा. ती इतकी बारीक, की घरात सगळे तिला काडी म्हणतात. दुसरी पैलवान. एकाच दिवशी, एकाच पोटी, दहा मिनिटांच्या अंतरानं आलेल्या, चेहरे एकसारखे, पण आईच्या पोटातलं जेवण एकटीनंच जेवल्यासारखी ही दुसरी. काडीला धूळ चालत नाही, धूर चालत नाही, थंडी तर नाहीच नाही. धाकटीच्या पर्समध्ये पंप, पंपाचं नळकांडं, आणि त्या पंपाला काही झालं तर म्हणून दुसरा पंप. सात वर्षं ती बाई त्या पोरीचा श्वास मोजत जगली. पैलवानाचं विचारलं की म्हणायची, हिला काय धाड भरलीय. आणि खरंच, पैलवानाला सर्दीसुद्धा व्हायची नाही. लसी टोचून झाल्यावर तिला डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

धाकटीनं काडीचं नाव परीक्षेला दिलं. मी आमच्या विभागाच्या मोठ्या सरांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, की ही माझी भाची, तिचे कागद माझ्या हाताखालून जाऊ देऊ नका. सर खूश झाले, म्हणाले, अशी माणसं हवीत. त्यामुळे सोनोग्राफीच्या दिवशी मी तळघरात बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होते आणि वर काय घडलं ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी निरोप आला. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. मध्यम आकाराचं. काडी बाद.

धाकटी तणतणत तळघरात आली. मला वाटलं होतं गळ्यात पडून रडेल, तर ती भांडायलाच लागली. म्हणे तुमचं मशीन बिघडलंय. म्हणे तुझ्या त्या मुळ्यांपायी आता हे नवीन खूळ. पुन्हा तपासणी करा, आणि परवाच करा. मी समजावलं, की हृदयाच्या डॉक्टरीणबाई स्वतःच तीन आठवड्यांनी परत बघणार आहेत, पण तिचं आपलं एकच पालुपद, की शक्यच नाही, असं भोकबिक असूच शकत नाही. धक्का बसला की माणसं असं बोलतात, असं म्हणून मी गप्प बसले. मग शेवटी ती रडली. निदान काढा तरी दे म्हणाली, पोरगी रात्रभर बसून असते.

आता इथे माझी चूक सांगते. खरा काढा हृदयाला भोक असलेल्या मुलीला द्यायची माझी छाती नव्हती, आणि धाकटीला नाही म्हणायचीही नव्हती. म्हणून मी कपाटातून दोन बाटल्या काढल्या आणि तिच्या पिशवीत घातल्या. दोन्ही माझ्या. जळकी साखर. कुणाचं वाईट होणार नाही आणि बहिणीला झोप लागेल, एवढाच हिशेब. तिनं मला मिठी मारली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तीन आठवड्यांनी दुसरी सोनोग्राफी झाली. भोक नाही. पडदा सलग. डॉक्टरीणबाईंनी चार बाजूंनी बघितलं, शेजारच्या डॉक्टरला बोलावून दाखवलं. भोक गायब. त्यांनी धाकटीला विचारलं, मधल्या काळात मुलीला काही दिलंत का? आणि धाकटीनं एक क्षणभर इकडे-तिकडे पाहून सांगितलं, की हो, चिनी काढा दिला, बहिणीनं दिला.

झालं. ही बातमी मोठ्या सरांपर्यंत लिफ्टच्याही आधी पोचली. सर माणूस सोन्यासारखा, पण अकरा वर्षांत त्यांच्या नावावर मोठा शोध म्हणून काही नाही, आणि हे त्यांना बायको सोडून कुणी म्हणून दाखवत नाही. आता दमा शोधायला गेले आणि हृदय सापडलं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. त्यांनी दुपारपर्यंत परिषदेत पडद्यावर दाखवायचं पहिलं पान तयार केलं, त्यावर हृदयाचं चित्र, बाजूनं हिरवी पानं. नियम मोडून बाटल्या दिल्या म्हणून मला झापायचं सोडून त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, इतिहासात अशा चुकांनीच मोठे शोध लागलेत. चार वाजता सगळ्यांना त्यांच्या खोलीत बोलावलं. काडीला, तिच्या आईला, हृदयाच्या बाईंना, वैद्यांना. वैद्य तेवढे खूश नव्हते. ते सरांना म्हणाले, की आमचा काढा कफ पातळ करतो, चाळीस वर्षांत त्यानं कुणाचं भोक बुजवलेलं मी पाहिलं नाही, आधी मशीन तपासा. सर म्हणाले, काय हा विनय.

पण या अख्ख्या इमारतीत मला एकटीलाच ठाऊक होतं, की पोरगी तीन आठवडे साखर जाळलेलं पाणी प्यायली. सुंठीवाचून खोकला जातो हे ऐकलंय. सुंठीवाचून भोक बुजत नाही. म्हणजे एक तर मशीन खोटं, नाहीतर माणूस.

मी वर जाऊन डॉक्टरीणबाईंकडून दोन्ही अहवाल मागून घेतले. भोकाचं मला काय कळणार? मी आपली वरच्या ओळी वाचत गेले. नाव तेच, वय तेच. वजन, पहिल्या वेळी सव्वीस किलो. दुसऱ्या वेळी अठरा.

काडी आयुष्यात कधी सव्वीस किलो नव्हती. दप्तर, बूट आणि दोन पंप धरूनही नाही. सरांना ते वजन दाखवलं तर त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, की हृदय सुधारलं म्हणून अंगावरची सूज उतरली असेल. म्हणजे आठ किलो सूज. शिकलेल्या माणसाला काही पटवून घ्यायचं असलं की त्याला देवसुद्धा अडवत नाही.

धाकटी सरांच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. काडी तिला चिकटून. पैलवानाला शाळेतून परस्पर आणलेलं, ती जिन्याच्या कठड्यावरून घसरत होती. मी धाकटीला कोपऱ्यात घेतलं आणि विचारलं, पहिल्या वेळी मशीनखाली कोण झोपलं होतं?

तिनं भडाभडा सांगितलं. वेटिंगमध्ये बाया बोलत होत्या, की या हृदयाच्या तपासणीतच पोरं बाद होतात, कुणी रडलं, कुणाला धाप लागली, की चित्र नीट येत नाही आणि नाव कापतात. काडी तर पांढरा कोट पाहूनच धापा टाकते. तेव्हा हिनं विचार केला, की घरात अगदी तशीच एक आहे, चेहरा तोच, शिवाय ठणठणीत, कशालाही न घाबरणारी. ती सोबत आलेलीच होती, तिला आत पाठवलं. पैलवान मशीनखाली वीस मिनिटं स्वस्थ पडून राहिली आणि वर बाईंना विचारलं, की माझं हृदय टीव्हीवर कधी दाखवणार. दुसऱ्या वेळी मात्र नाव आधीच कापलेलं, म्हणून खऱ्या काडीलाच नेलं.

मी म्हटलं, "अगं, मग भोक तिला आहे."

"तिला? वेडी आहेस का? बघ तिच्याकडे. तिला काय होणार? मशीन बिघडलंय, म्हणून तर दुसऱ्या वेळी बरोबर आलं."

आणि मग माझा हात दाबून हळूच म्हणाली, "तू गप्प बस ना. सगळे खूश आहेत. काडीला आता घेतील परीक्षेत."

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. समोर माझी सख्खी बहीण, जी दुष्ट नाही, खोटारडी नाही, फक्त सात वर्षं झोपलेली नाही. तिच्या डोक्यात आजारी मुलीची एकच जागा होती आणि ती कधीच भरलेली होती. मी गप्प बसले असते तर माझी नोकरी वाचली असती, सरांचं पान वाचलं असतं, काडीला काढा मिळाला असता. आणि ती घसरगुंडी खेळणारी पोरगी भोक घेऊन मोठी झाली असती.

चार वाजता सरांनी पडद्यावर हिरवी पानं लावली आणि बोलायला उभे राहिले. मी त्यांच्याआधी उभी राहिले.

"सर, तो काढा खोटा होता. माझ्या हातचा. नुसती जळकी साखर."

सर म्हणाले, तरीसुद्धा. मग तेच थांबले. मी पुढचंही सांगितलं, वजनाचं, जुळ्या बहिणीचं, सगळं. धाकटीकडे बघायची मला हिंमत झाली नाही. वैद्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि सरांनी पडदा बंद केला. माझं जे व्हायचं ते नंतर झालं, एक लेखी ताकीद आणि कपाटाची चावी दुसरीकडे. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

डॉक्टरीणबाई मात्र तोवर दाराबाहेर पोचल्या होत्या. त्यांनी पैलवानाला कठड्यावरून उतरवलं आणि थेट आत नेलं. आम्ही सगळे मागोमाग. छोटी अंधारी खोली, एक पलंग, एक मशीन. पैलवान ओळखीच्या घरी आल्यासारखी स्वतःच सदरा काढून झोपली. छातीवर थंडगार जेल लागलं, बाईंनी हात फिरवला आणि मशीनवर तिचं हृदय आलं. मला काही कळत नव्हतं तरी कळलं. राखाडी पडदा, आणि मधेच तो नाहीच.

बाई शांतपणे म्हणाल्या, की बरं झालं आत्ता दिसलं. मांडीच्या शिरेतून छत्रीसारखं एक छोटं झाकण नेऊन ते बुजवता येतं, मूल चार दिवसांत घरी जातं. तसंच राहिलं असतं, तर तरुणपणी फुप्फुसांवर आलं असतं. धाकटी पलंगाचा दांडा धरून उभी होती. अजूनही म्हणत होती, पण तिला तर काही त्रास नाही, कधीच काही नाही, विचारा ना तिला.

म्हणून बाईंनी विचारलं. पळताना, जिना चढताना तुला धाप लागते का गं?

पैलवानानं आधी दाराशी उभ्या काडीकडे पाहिलं. मग आईकडे.

"लागते. रोज लागते," ती म्हणाली. "पण दमा तिचा आहे ना."

धाकटीनं दांडा सोडला, खाली वाकली आणि त्या जेल लावलेल्या छातीवर तसाच कान टेकला. तिचा अर्धा चेहरा, केस, सगळं चिकट झालं. ती ऐकत राहिली. गुदगुल्या होतात म्हणून पैलवान हसत होती, आणि आईनं उठू नये म्हणून दोन्ही हातांनी तिचं डोकं धरून ठेवत होती.