टाकीतलं आभाळ

चोलेंगनं आभाळाच्या खालच्या कडेला जांभळ्या रंगाचा शेवटचा पट्टा ओढला, शिडीवरच बसून ब्रश पाण्यात बुडवला आणि कुणी काही म्हणतंय का याची वाट पाहिली. पण सगळे तिच्याकडे पाठ करून गोदामाच्या दुसऱ्या टोकाला उभे होते.

तिथे तिची धाकटी बहीण मेडिंग मासे पाळायच्या काचेच्या टाकीत सिरिंजनं पांढरा रंग सोडत होती. रंग पाण्यात शिरला, मध्येच कशाला तरी अडल्यासारखा थांबला आणि आडवा पसरत, फुगत, एकावर एक चढत गेला. टाकीमागे इस्को सुतार दिवा घेऊन उभा होता. त्यानं दिवा चालू-बंद केला तशी ढगाच्या पोटात वीज लखलखली.

"अरे, छत्री आणा कुणीतरी!" इस्को ओरडला. "भिजलो ना मी!"

हशा उठला. त्यात सगळ्यांत मोठा आवाज दिग्दर्शक पोल्डोचा. त्याला सगळे नुसतं 'दिरेक' म्हणत. दर रविवारी सकाळी मनिलातली पोरं त्याची मालिका बघायला टीव्हीसमोर बसत. समुद्राखालची राणी आणि तिच्यावर चालून येणारा पक्षीराक्षस. खडक गोणपाटाचे, महाल थर्माकोलचा, राक्षसाचे पंख जुन्या छत्र्यांच्या कापडाचे. पण पहिल्या भागापासून त्या सगळ्याच्या मागे पसरलेलं आभाळ चोलेंगचं होतं.

"चोलेंग, आभाळ छान झालंय हं," दिरेक शिडीखाली येऊन म्हणाला. "पण ते हलत नाही ना."

"आभाळ कुठे हलतं, दिरेक? ढग हलतात."

"तेच म्हणतोय मी! आता सगळी वादळं मेडिंगकडे. तू गुहा बघ. गुहेच्या भिंती रंगवून टाक."

चोलेंगनं मान हलवली आणि धुतलेलाच ब्रश पुन्हा धुवायला घेतला.

मेडिंगला इथे तिनंच आणलं होतं. मेडिंगचा नवरा जहाजावर गेला आणि त्याची खबर येईनाशी झाली, तेव्हा 'ब्रश धुवायला एक माणूस लागतं' म्हणून चोलेंग दिरेकच्या हात धुऊन मागे लागली होती. मेडिंग ब्रश धुवायची आणि धुताधुता थांबायची. पाण्यात रंग कसा उतरतो ते बघत राहायची. "बघतेस काय? हात चालव!" चोलेंग तिच्यावर खेकसायची.

वादळाचं चित्रीकरण दुपारी व्हायचं होतं. मेडिंगनं टाकी रिकामी करून नव्यानं भरली. आधी मिठाचं पाणी, मग त्यावर प्लास्टिकचा कागद अंथरून अगदी हळू गोडं पाणी, आणि शेवटी कागद अलगद ओढून घेतला. दोन्ही पाणी जिथे भेटतात तीच ढगाची जमीन. ती मोडली की ढगाला टेकायला जागा उरत नाही.

"ताई, मी जेवून येते. टाकीला कुणाचा धक्का लागू देऊ नकोस हं," मेडिंग म्हणाली. "तुझा भात झाकून ठेवते. सुकटही आहे."

गोदाम रिकामं झालं. चोलेंग टाकीपाशी गेली. काचेतून पलीकडे तिचं आभाळ दिसत होतं, पाण्यात वाकडं झालेलं, हातरुमालाएवढं. ती ते बराच वेळ बघत राहिली. मग तिनं कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि एकदाच फिरवला, रश्शात डाव फिरवावा तसा. पाणी थरथरलं, क्षणभर तेलकट दिसलं आणि पुन्हा निवळलं. काही झालंच नव्हतं जणू.

दुपारी कॅमेरा सुरू झाला. मेडिंगनं रंग सोडला. तो कुठेही न थांबता सरळ तळाला गेला आणि गोळे होऊन पडला.

"हे काय? वादळ आहे की नासलेलं दूध?" दिरेकचा आवाज चढला. "तिकडे राक्षस पंख बांधून उकडून निघालाय! यापेक्षा चोलेंगचं आभाळ परवडलं!"

चोलेंगला हवे होते ते शब्द आले होते. तिचे कान तापले.

मेडिंग आधी पाण्याकडे बघत राहिली. मग तिनं बहिणीकडे पाहिलं. चेहऱ्याकडे नाही, हाताकडे. चोलेंगनंही खाली पाहिलं. हातावरचं पाणी वाळलं होतं आणि कोपराशी मिठाची पांढरी रेघ उमटली होती. तिनं हात पाठीमागे घेतला.

"माझंच चुकलं, दिरेक," मेडिंग म्हणाली. "मीठ कमी पडलं. एकदा पुन्हा भरू द्या."

"शेवटचं हं!"

"आणि या वेळी वरचं पाणी ताई ओतेल. तिचा हात हलत नाही."

सगळे वळून बघायला लागले. चोलेंग पुढे झाली. मेडिंगनं कागदाची कड धरली, चोलेंगनं गोड्या पाण्याचा मग कलता केला. दोघींची डोकी जवळजवळ टेकली होती.

"हळू, ताई."

पाण्याची धार सुतासारखी पडत होती. चोलेंगचा खांदा भरून आला, घाम पापणीवर उतरला, पण तिनं हात हलू दिला नाही. मेडिंगनं तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

ढग आला. सकाळच्यापेक्षा मोठा, काळसर पोटाचा. इस्कोनं दिवा मारला तसा त्याचा उजेड चोलेंगच्या तोंडावर पडला. ते सुंदर होतं. स्वतःच्या मनातही तिला त्याला नावं ठेवता येईनात, आणि तेच तिला सगळ्यांत जास्त झोंबलं.

"मेडिंग, बाई, जादूगारीण आहेस तू!" दिरेक टाळ्या वाजवत म्हणाला.

घरी जाताना दोघी जीपनीत, थांब्याथांब्यावर माणसं घेणाऱ्या त्या लांबट गाडीत, शेजारी बसल्या. आता बोलेल, आता बोलेल, असं चोलेंगला प्रत्येक थांब्यावर वाटत होतं. दोन शिव्या दिल्या असत्या तरी तिला बरं वाटलं असतं.

"बाजारापाशी उतरू या," मेडिंग म्हणाली. "घरातले टोमॅटो संपलेत."

दुसऱ्या दिवशी चोलेंग गुहेच्या भिंतीला करडा रंग देत होती. इस्कोनं फळीचं एक झाकण करून आणलं, टाकीच्या बरोबर मापाचं.

"हे कशाला?" दिरेकनं विचारलं.

"धूळ पडते पाण्यात," मेडिंग म्हणाली. मग ते झाकण घेऊन ती चोलेंगकडे आली. "ताई, याला रंग देशील?"

"कुठला?"

"तुला आवडेल तो."

चोलेंगनं निळा कालवला. वरून दोन हात दिले. मग झाकण उलटं करून, जी बाजू कुणाला दिसणार नव्हती तिलाही दिले. दुपारी सगळे जेवायला निघाले. मेडिंगही गेली, नव्यानं भरलेली टाकी तशीच उघडी ठेवून, मागे वळून न बघता.

रंग अजून पुरता वाळला नव्हता. चोलेंगनं झाकण दोन्ही हातांनी उचललं, टाकीवर नीट बसवलं, चारही कोपरे दाबून पाहिले आणि मगच ती जेवायला गेली.